तीसपैकी सत्तावीस

नाही, त्या खुर्चीवर नको, ती ताईची आहे. तुम्ही त्या स्टुलावर बसा. आणि आवाज हळू — ती मागच्या खोलीत झोपलीय, दुपारी दोन ते चार झोपते. शटर मी मुद्दाम अर्धं ओढलंय, गिऱ्हाईक आलं तर बघून घेईन. चहा विचारणार नाही, आधीच सांगतो. इस्पितळातनं आलेल्या माणसाला चहा पाजायचे माझे दिवस संपले. मी तुम्हाला बोलावलेलं नाही. तक्रार मी दिलीय, लेखी दिलीय, तीन आठवडे झाले, आणि सोमवारी तुमच्या त्या चौकशी समितीपुढे बसून तोंडानंही सांगणार आहे — मग त्याच्या आधी तुमचं माझ्याकडे काय काम? त्या भूल देणाऱ्या डॉक्टरणीनं, भूलवालीनं पाठवलं का? माझी नोकरी जातेय, जरा जाऊन त्या माणसाला समजवा, असं? नाही? स्वतःहून आलात? बरं. स्वतःहून तर स्वतःहून. मग ऐकून घ्यायची तयारी ठेवा, कारण मला गोड बोलता येत नाही आणि आज तर अजिबात येणार नाही.

माझी बहीण, वय चौऱ्याहत्तर, चाळीस वर्षं ह्या औषधांच्या दुकानात उभी आहे. शिक्षण तिचं, परवाना तिच्या नावावर, मी आपला धाकटा भाऊ, तिच्या हाताखाली शिकलेला — बाहेरच्या पाटीवर माझं नावसुद्धा नाही, आणि मला ते कधी टोचलंही नाही. हे कपाट बघा. सात ओळी, एकेका ओळीत बारा, चौऱ्याऐंशी कप्पे झाले. चिठ्ठी हातात आली की ताई एकदा चिठ्ठीकडे बघायची, एकदा माणसाच्या तोंडाकडे, आणि हात मागे — मान न वळवता, बरोब्बर त्या कप्प्यात. वर त्या माणसाला झापायची, मागच्या महिन्याच्या गोळ्या संपवल्यास का, खोटं बोलू नकोस. अशी बाई स्वतःच्या पायांनी चालत तुमच्याकडे आली. कशासाठी? मोतीबिंदूसाठी. एक डोळा, वीस मिनिटांचं काम. आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मला विचारते, आईचं जेवण झालं का? आई जाऊन एकतीस वर्षं झाली. मी काय सांगायचं? झालं म्हणालो. सगळ्यांना तुम्ही डोळ्यात थेंब घालून मोकळं करता, लोक टेबलावर जागे असतात, डॉक्टरांशी गप्पा मारतात, उठून घरी जातात — आणि माझ्याच बहिणीच्या घशात नळी घालून तिला पूर्ण झोपवायची गरज काय होती? कागदावर सही कुणाची आहे? भूलवालीची. मग खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, माझ्या?

आणि हे मी माझ्या मनाचं बोलत नाही. आकडे तुमचे आहेत, बाई, तुम्ही स्वतः घेतलेत. ती पाहणी तुमचीच ना — नुसते थेंब, की डोळ्याजवळ सुई, की पूर्ण भूल, आणि त्यातल्या कशानं म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर काय परिणाम होतो? पाच शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढून दाखवा, शंभरातनं सात-सात वजा करा. ऑपरेशनच्या आधी ताईला तीसपैकी सत्तावीस. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी पंधरा. सत्तावीस आणि पंधरा! मला काही फार शिकलेला माणूस लागत नाही त्याचा अर्थ सांगायला. नाही, ते 'ठाम सांगता येत नाही' मला ऐकवू नका. पूर्ण भुलीनंतर काही दिवस गोंधळ होतो, बहुतेकांचा ओसरतो, कायमचं कशानं होतं ते अजून कुणालाच — हे तोंडपाठ झालंय मला. डोळेवाल्या डॉक्टरांनी ऐकवलं, त्यांच्या हाताखालच्यांनी ऐकवलं. तुम्हा लोकांना ठाम काही सांगायचंच नसतं. मला सांगता येतं. मी लिहून दिलंय.

थांबा जरा. — दुकान बंद आहे हो, चार वाजता या. काय? पोटात कळ येतेय? कधीपासनं? उलटी नाही ना, ताप नाही? मग ही घ्या, आता एक, रात्री एक, आणि थांबलं नाही तर गोळ्या खात बसू नका, डॉक्टरांकडे जा. सुट्टे असू दे, नंतर द्या. — हं. बघितलंत? तिसरी ओळ, नववा. मलाही मान वळवावी लागत नाही. तिनं शिकवलंय. सोळा वर्षांचा होतो, शाळेत दोनदा गचकलेला, घरात सगळ्यांनी हात टेकले होते. हिनं मला कपाटाकडे पाठ करून उभं केलं, आणि म्हणाली, बोल. पहिली ओळ, पहिला कप्पा, काय आहे? चुकलं की उघडून दाखवायची, वास घ्यायला लावायची, परत पाठ करून उभं. महिनाभर. रोज. बाबा म्हणायचे, ह्याच्या डोक्यात काही शिरायचं नाही, आणि ही म्हणायची, डोक्यात नाही शिरलं तर कप्प्यात ठेवू.

हे काय काढलंत? दोन कागद. हा आधीचा, हा नंतरचा. मग? हे तर मीही बघितलेत, समितीच्या फायलीत आहेत. काय विचारायचंय ते सरळ विचारा, असं एकेक पुढे सरकवू नका. पाच शब्द. हो. नंतरच्या वेळी पाचांपैकी शून्य, तेच तर मी म्हणतोय, शून्य! — गप्प बसली नव्हती म्हणजे? शब्द सांगितले? कुठले? तुम्ही विचारलेले टोपी, दोरी, नदी वगैरे नाही, तर... वाचा. शिडी, लिंबू, खिडकी, घोडा, पिवळा. बरं. आधीच्या परीक्षेचे. मग चांगलंच आहे की, काहीतरी आठवलं तिला. तुम्ही शून्य दिलंत ही तुमची कंजुषी. — काय म्हणता, सात आठवड्यांनी? त्याच क्रमानं? एकदा ऐकलेले शब्द सात आठवड्यांनी धडधाकट माणसालाही आठवत नाहीत, आणि जिला आई गेलेली आठवत नाही तिला — हो, कळलं, कळलं मला तुम्ही काय म्हणताय ते. मी काय मूर्ख आहे का? पण मग दर वेळी शब्द बदलतात हे आधी सांगायला तुमचं काय जात होतं? एक शब्द बोलला नाहीत. परीक्षा म्हणजे परीक्षा, तोच कागद असणार असं कुणीही धरून चालेल. आम्ही आपले तेच घोकत —

असं बघू नका माझ्याकडे.

हो. घोकले. करून घेतले. तुमची फाईल होती. पहिल्यांदा आलात तेव्हा, पाहणी समजावून सांगायला, संमतीची सही घ्यायला — फाईल ह्या इथे काउंटरवर उघडी टाकलीत आणि फोनवर बोलत बाहेर गेलात. दहा मिनिटं. मी काय डोळे मिटून बसू? एका चिठ्ठीच्या पाठीवर उतरवून घेतलं सगळं. शब्द, घड्याळ, त्यात पावणेपाच दाखवायचे, सगळं. तुमच्या परीक्षेला चार दिवस होते. पहिल्या दिवशी नुसतं म्हणवून घेतलं, काही उपयोग नाही, पाच मिनिटांत साफ. मग मी कप्प्यांत ठेवले. पहिल्या ओळीच्या पहिल्या कप्प्यात शिडी, दुसऱ्यात लिंबू, असे चिठोऱ्यांवर लिहून, औषधांच्या वर. आणि तिला कपाटाकडे पाठ करून उभं केलं. बोल, ताई. पहिली ओळ, पहिला कप्पा? आणि तिला जमलं! तिच्या हाताला ते कप्पे माहीत आहेत हो, डोक्याला नसले तरी. चुकली की मी उघडून दाखवायचो. ती हसायची. म्हणाली, लिंबाला वास का नाही रे? चार दिवस आम्ही दोघं दुपारचं शटर ओढून हेच करत होतो, आणि खरं सांगू, कितीतरी महिन्यांत मी इतका आनंदात नव्हतो. तुमच्या परीक्षेत तिनं पाचही शब्द धडाधड सांगितले, तुम्ही शाबास म्हणालात, आणि बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, पास झाले का रे? सत्तावीस. त्या कागदाची प्रत मी ह्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय, परवान्याच्या खाली.

कशासाठी म्हणजे? डोकं आहे ना तुम्हाला? औषध निरीक्षक येतो वर्षातनं दोनदा. मागच्या खेपेला जाता जाता म्हणाला, ताई थकल्या आता, नाही का. हसत म्हणाला, पण मी ते हसणं ओळखतो. उद्या त्यानं विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं की नको? मोठ्या इस्पितळाचा कागद, त्यावर शिक्का, तीसपैकी सत्तावीस — मग कुणाची टाप आहे बोलायची? म्हणून तुमच्या पाहणीला हो म्हटलं. नाहीतर तुमच्या पाहणीशी मला काय देणंघेणं होतं?

कधीपासनं म्हणता? दोन वर्षं. लिहा, दोन वर्षं, काय लिहायचं ते लिहा. नाही — लिहू नका. नुसतं ऐका. एक दिवस चिठ्ठी हातात घेऊन ती कपाटासमोर उभी राहिली. नुसती उभी. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, दिसत नाही रे नीट. आणि खरंच मोतीबिंदू होता, तपासून आलो, दोन्ही डोळ्यांत. मी त्या दिवशी इतका सुटल्यासारखा झालो की रस्त्यानं येताना तिला फुगे घेऊन दिले असते. दिसत नाही, एवढंच! मी सगळ्या कप्प्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहिली. तरी ती उभी राहायची. एकदा मी मागनं बघितलं — चिठ्ठी तिनं मोठ्यानं वाचली, अक्षर न् अक्षर, मात्रेसकट, डॉक्टरांचं कोंबड्याच्या पायासारखं अक्षर हां, आणि मग कप्प्यावरचं नावही वाचलं, आणि तरी हात खालीच. तिला दिसत होतं. काय करायचं ते सुचत नव्हतं. तेव्हाच मला कळलं. पण लोकांना काय सांगायचं? मोतीबिंदू आहे. गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्याच नावानं हाक मारली, मोतीबिंदू. कुलूप न लावता घरी आली, मोतीबिंदू. कुणी शंका घेत नाही हो, उलट हळहळतात. आणि प्रत्येक पुडी मी तिच्या पाठीमागे परत तपासायचो, डोळ्यांत तेल घालून. एकही चूक बाहेर गेली नाही. एक गेली. एका म्हातारीला साखरेच्या गोळ्या दुप्पट ताकदीच्या दिल्या गेल्या. मी चपला न घालता चौकापर्यंत धावलो आणि तिच्या पिशवीतनं काढून घेतल्या. तिला म्हटलं, मुदत संपलेल्या आहेत. ती मला दुवा देत बसली, दुकान कसं प्रामाणिक आहे म्हणून.

मग ऑपरेशन कशाला केलं, असंच विचारणार ना? कारण उजवा डोळा खरोखरच गेल्यात जमा होता, आणि पायरीवरनं पडली ती, मनगट सुजलं. आंधळी करून ठेवू का तिला माझ्या सोयीसाठी? तेवढा हलकट नाही मी. आहे थोडा. पण तेवढा नाही.

आणि आता भूलवाली. तिचं काय बिघडतंय, तरुण आहे, दुसरीकडे लागेल नोकरी. लागणार नाही? का नाही लागणार? हलगर्जीपणाचा शेरा. बरं. असतील तिची काही कारणं, घर असेल, मला सांगू नका. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या बाईनं आम्हाला बसवून घेतलं. अर्धा तास! मी म्हटलं, बाई, सुई टोचायची तर टोचा आणि सोडा. तिचं चालूच — थेंबांवर होईल ह्यांचं, झोपवायची गरज नाही, हात धरायला माझी माणसं असतात. मी म्हटलं, नाही, पूर्ण भूल द्या. ती म्हणाली, ह्या वयात कारण असल्याशिवाय मी देत नाही. मग मी कारणं दिली. घाबरते म्हटलं. तोंडावर फडकं आलं की जीव गुदमरतो म्हटलं. कानांनी कमी ऐकू येतं, सूचना कळणार नाहीत, मध्येच हलली तर डोळा जाईल आणि जबाबदार तुम्ही — हे वाक्य मुद्दाम टाकलं, कारण डॉक्टर त्या वाक्याला घाबरतात हे चाळीस वर्षं काउंटरवर उभं राहून मला कळतं. आणि खरं कारण? जागी राहिली असती तर बोलली असती ना ती. अनोळखी खोली दिसली की तिला काही सुधरत नाही. आई कुठाय म्हणून उठून बसली असती, टेबलावर, सात-आठ जणांसमोर, आणि मग सत्तावीसच्या कागदाची काय किंमत राहिली असती? झोपलेला माणूस काही विचारत नाही.

विचारलं होतं. हो, भूलवालीनं विचारलं होतं. तक्रारीत मी लिहिलंय की विचारलं नाही. ते खोटं आहे. तिनं पेन खाली ठेवून विचारलं, विसरायला होतं का ह्यांना? गोंधळ? वेळ, जागा चुकतात? असेल तर स्पष्ट सांगा, मग मी पूर्ण भूल देणारच नाही, काही झालं तरी. मी म्हटलं, काहीतरीच काय. तुमच्याच इस्पितळात सत्तावीस मिळालेत परवा.

झालं तुमचं समाधान? मग निघा. — अजून काय? नाही, मी लिहून देणार नाही. का देऊ? आत्ता भुलीनं झालंय म्हटलं की लोक हळहळतात, निरीक्षकही सावरायला वेळ देईल; पण लिहून दिलं की दोन वर्षांपासून हे असं आहे, तर तो दुसऱ्या दिवशी दारात. दोन वर्षं भ्रमिष्ट बाईच्या परवान्यावर औषधं विकली! कुलूप लागेल. माझं सोडा, मी कुठेही गोण्या उचलीन, पण तिचं काय? घरात तिला न्हाणीघर कुठाय ते सापडत नाही. इथे सापडतं. इथे काउंटरच्या मागे उभी राहिली की ती दोन तास तरी तीच असते, माणसाच्या तोंडाकडे बघून विचारते, गोळ्या संपवल्यास का. ते काढून घेऊ तिच्याकडनं? एका परक्या बाईची नोकरी टिकावी म्हणून? तुम्ही घ्याल काढून, तुमच्या बहिणीकडनं?

ताईला विचारा म्हणता. तिला काय विचारायचं त्यात? तिला काय कळतंय, असंच ना —

तिला कळतं.

तिनं सांगितलं होतं. भूलवालीला. त्याच बैठकीत. मी काहीतरीच काय म्हणालो ना, त्यावर ती म्हणाली — शांतपणे, आपण एखाद्याला औषध कसं घ्यायचं ते सांगतो तसं — "डॉक्टर, मला विसरायला होतं. हा तुम्हाला सांगणार नाही. फार दिवस झाले." ती भूलवाली माझ्याकडे बघायला लागली. मी हसलो. मोठ्यानं हसलो, म्हटलं, बघा, भीतीनं कशी सबबी काढतेय, ऑपरेशन टाळायला बघतेय, लहानपणापासनं अशीच आहे. ताईनं परत तोंड उघडलं तर मी तिच्या हातावर हात ठेवला. दाबून ठेवला. आणि ती डॉक्टरीण एकदा तिच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. ताईनं साडी उलटी नेसली होती त्या दिवशी, मी धडधाकट, इस्त्रीच्या शर्टात, हातात फाईल. तिनं माझं खरं मानलं. सही केली.

नको. पाणी नको मला. आणि ते 'बरोबर, बरोबर' म्हणत मान हलवणं बंद करा, मला कीव नको आहे तुमची. पेन द्या. द्या म्हणतोय ना, माझं आत राहिलंय. ही घ्या तुमच्याच कागदाची पाठ. दोन वर्षांपासून. परीक्षा मी करून घेतली. पूर्ण भूल मी मागितली. विचारलं होतं, मी नाही सांगितलं, बहिणीनं सांगितलं ते मी उडवून लावलं. तारीख. सही. दुकानाचा शिक्काही मारतो, राहू दे, आता कशाला ठेवायचा. सोमवारी मी येणार नाही, एवढ्यावर भागवा.

आणि त्या भूलवालीला एक निरोप सांगा. आभार मानायला इकडे यायचं नाही. मी तिच्यासाठी काही केलेलं नाही, आणि मी तिला माफही केलेलं नाही. तिच्यासमोर दोन माणसं बसली होती, एक खरं बोलत होतं. एवढी शिकलेली बाई, आणि तिनं माझं ऐकलं. जा आता. शटरखालनं वाकून जा, वर करू नका, आवाजानं ताई उठेल.